शेवटच्या आठवड्यात नवं काही नाही

घरात तिला सगळे छोटी म्हणत. चाळिशीला टेकली, उंचीनं वडिलांवर गेली, दारातून आत येताना मान किंचित वाकवायची सवय लागली, तरी छोटीच. ती पाळण्यात असताना थोरल्या बहिणीनं, ताईनं, हे नाव पाडलं आणि ते जे चिकटलं ते निघालंच नाही.

छोटी नर्स होती. म्हणजे होती आणि आता नव्हती, सगळी अडचण तीच. शिकून बाहेर पडल्यावर तिनं बरीच वर्षं ऑपरेशन झालेल्या पेशंटच्या वॉर्डात काढली. मग वडील अंथरुणाला खिळले. ताई लग्न होऊन लांबच्या शहरात, आणि आईला एकटीला वडील उचलवत नव्हते. छोटीनं नोकरी सोडली. "तात्पुरती" म्हणाली होती. वडील गेले तोवर आईचं विसरणं सुरू झालेलं. या धबडग्यात परवान्याचं नूतनीकरण राहून गेलं आणि ती पुन्हा कामाला लागायला गेली, तेव्हा परवाना कार्यालयाच्या खिडकीतल्या माणसानं मान न उचलता सांगितलं, "एवढा खंड पडला की परीक्षा परत द्यावी लागते, बाई. नियम बदललेत."

तर आता ती त्याच हॉस्पिटलात, त्याच वॉर्डात, मदतनीस म्हणून कामाला होती. चादरी बदलायच्या, शौचाचं भांडं द्यायचं, स्ट्रेचर ढकलायचा. सलाईन संपत आलेली दिसली तरी हात लावायचा नाही, जाऊन सांगायचं. जुने डॉक्टर चुकून तिला सिस्टर म्हणत आणि मग स्वतःच ओशाळत. मागच्या वर्षी तिनं परीक्षा दिली आणि थोडक्यात नापास झाली. यंदा दुसरी संधी. तीही गेली तर पुन्हा पहिल्यापासून कॉलेजात जाऊन बसायचं, विशीतल्या पोरींच्या शेजारी.

"मागच्या वेळी अभ्यास कसा केलास ते सांग," वॉर्डच्या इन्चार्जबाईंनी विचारलं. निवृत्तीला आलेल्या, अंगानं ठेंगण्या, आवाजानं मात्र दांडग्या अशा त्या बाई. जेवणाच्या सुट्टीत त्या दोघी चादरींच्या खोलीत, धुतलेल्या गठ्ठ्यांवर बसल्या होत्या.

"पुस्तक पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. हृदयापर्यंत आले, तेवढ्यात तारीख आली."

"म्हणजे किडनी, मेंदू, बाळंतपण सगळं देवाच्या भरवशावर!"

"पोटाचं थोडं वाचलं होतं."

इन्चार्जबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. मग त्यांनी रीतसर सगळं आखून दिलं. पुस्तक पुढून मागे वाचायचं नाही. रोज आधी प्रश्न सोडवायचे आणि जिथं चुकेल तेवढंच उघडून वाचायचं. बरोबर आलेला प्रश्नसुद्धा सोडायचा नाही, बाकीची तीन उत्तरं का चूक ते स्वतःला समजावून सांगायचं. औषधांचे हिशेब, म्हणजे किती मिलि, मिनिटाला किती थेंब, हे डोकं ताजं असताना सकाळी. मुलांचे आजार आणि मानसिक आजार, जे तिनं वर्षानुवर्षं पाहिलेलेच नव्हते, ते आधी उरकायचे. सुट्टीच्या दिवशी घड्याळ लावून पूर्ण परीक्षा, मध्ये उठायचं नाही.

"आणि शेवटच्या आठवड्यात नवं काही नाही," बाई म्हणाल्या. "शेवटी शेवटी नवं वाचलं की जुनं आलेलंही डोक्यातून जातं. झालेलं चाळायचं, जेवायचं, झोपायचं. कळलं?"

"कळलं."

"प्रश्न सगळे एकाच धाटणीचे असतात, सर्वांत आधी काय कराल? चारही उत्तरं बरोबर दिसतात. तू वॉर्डात चारही एकदम करतेस. तिथं एकच निवडायचंय."

छोटी घरी आली ती हुरूप घेऊन. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिनं प्रत्येक चौकटीत विषय लिहिले. आई मागे येऊन उभी राहिली.

"आज कोण येणार आहे गं?"

"कुणी नाही, आई. माझा अभ्यास लिहितेय."

"हो का? कितवीत आहेस तू?"

"मोठ्या वर्गात आहे."

"मग कर बाई अभ्यास. मी नाही बोलत." आणि जेमतेम दोन चौकटी भरल्या तोच, "आज कोण येणार आहे गं?"

आईला मुळात गप्पांची हौस. विसरणं वाढलं तशी हौसही वाढली. छोटी कामावर असताना शेजारच्या काकू आईपाशी बसत आणि छोटी आली की सुटल्यासारख्या आपल्या घरी पळत. मग संध्याकाळभर आई तिच्या पायात पायात. छोटीनं कानात बोळे घालून पाहिले, आईनं ते काढून "हे काय घातलंयस?" म्हणून विचारलं. दार लावून बसली, तर आई दारावर थापा मारायला लागली. शेवटी तिनं वेगळीच युक्ती काढली. आईलाच समोर बसवायचं आणि प्रश्न मोठ्यानं वाचायचे.

"पेशंटला एकदम धाप लागली आहे. नर्सनं सर्वांत आधी काय करावं?"

"उठवून बसव की त्याला," आई म्हणाली.

उत्तर बरोबर होतं. छोटीला हसू फुटलं. तिनं पुढचा वाचला. "डॉक्टरांनी लिहिलेला औषधाचा डोस नर्सला नेहमीपेक्षा जास्त वाटतो. नर्सनं काय करावं?"

आईनं जरा विचार केला. "डॉक्टर आलेत का? त्यांना म्हणावं, जेवूनच जा."

त्या संध्याकाळी दोघी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. पण अशा संध्याकाळी थोड्या. एकदा आईनं गॅस चालू करून तसाच ठेवला. एकदा काकूंचा डोळा लागला आणि आई घरच्या कपड्यांत रस्त्यावर गेली, औषधाच्या दुकानातल्या माणसानं ओळखून परत आणून सोडली. चिडून छोटी आईला टाकून बोलली, मग रडली. आई तिच्या पाठीवरून हात फिरवत विचारत राहिली, "कोण बोललं तुला? सांग, मी बघते त्याला." कॅलेंडरवरच्या चौकटी पुढे पुढे पळत होत्या आणि छोटी अजून मुलांच्या तापातच अडकली होती.

तिनं फोनवर ताईपुढे हात टेकले. "माझ्यानं होत नाही गं ताई. मी परीक्षेला बसतच नाही."

"वेडी आहेस का?" ताई म्हणाली. "आईला मी घेऊन जाते. परीक्षा होईपर्यंत माझ्याकडे राहू दे. तू तिचं करतेस, मी नुसती लांबून चौकशा करते. मलाही लाज वाटते कधी कधी."

ताई दोन दिवसांनी आली. भाऊजी गाडी घेऊन आले होते. गाडीत बसेपर्यंत आई खुशीत होती. दार लागल्यावर तिच्या ध्यानात आलं की छोटी बाहेरच आहे. काचेवर तळवा टेकवून ती काहीतरी बोलली. काच वर होती, ऐकू आलं नाही. छोटी हसून हात हलवत राहिली, गाडी वळेपर्यंत.

त्यानंतर खरोखरच अभ्यास झाला. कामावरून यावं, हातपाय धुवावे, प्रश्न घेऊन बसावं. घर इतकं शांत की फ्रिजची घरघर ऐकू यावी. सुरुवातीला ती शांतता अंगावर आली, मग आवडायला लागली, आणि आवडायला लागली याचंच तिला वाईट वाटलं. थेंबांचे हिशेब आता हातात बसले. इन्चार्जबाई चादरींच्या खोलीत अचानक एखादा प्रश्न फेकायच्या आणि छोटी गठ्ठा उचलता उचलता उत्तर द्यायची. "आता कशी लायनीवर आलीस," बाई म्हणाल्या. रोज संध्याकाळी ताईचा फोन यायचा. आई जेवली, आई झोपली, आईनं भाऊजींना वॉचमन समजून गेट लावायला सांगितलं. मग आई फोनवर यायची आणि विचारायची, "तू कधी येणार?"

शेवटचा आठवडा लागला. बाईंनी बजावल्याप्रमाणे छोटीनं नवं पुस्तक उघडलं नाही.

फोन रोज येत होता, पण आई फोनवर येत नव्हती. पहिल्या दिवशी ताई म्हणाली, "झोपलीय." दुसऱ्या दिवशी म्हणाली, "हे तिला खाली फिरवायला घेऊन गेलेत." तिसऱ्या दिवशी पुन्हा, "आत्ताच डोळा लागलाय बघ." छोटीला बरं वाटलं. आईला तिकडे करमतंय, असं तिनं स्वतःला पटवलं. पटवून घ्यायची तिला गरजच होती.

परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी ताईचा फोन आला. "उद्याची तयारी झाली ना? ओळखपत्र घेतलंस? रिकाम्या पोटी जाऊ नकोस हां."

ताई बोलत होती आणि तिच्या आवाजाच्या मागे काहीतरी वाजत होतं. टीं, टीं, टीं. जरा थांबून पुन्हा टीं, टीं, टीं. तो आवाज तिला झोपेतही ओळखू आला असता.

"ताई," ती म्हणाली, "सलाईनचा पंप वाजतोय. सिस्टरला हाक मार."

पलीकडे ताईला हुंदका फुटला.

आई पडली होती. आठवडा सुरू व्हायच्या सुमारास, पहाटे. बाथरूमला म्हणून उठली आणि खोलीतून बाहेर पडून उजवीकडे वळली, कारण छोटीच्या घरात बाथरूम उजवीकडे होतं. ताईच्या घरात उजवीकडे जिना होता. खुब्याचं हाड मोडलं. रक्तदाब खालीवर होत होता म्हणून ऑपरेशन पुढे ढकललं, आणि आता ते उद्या सकाळी ठरलं होतं.

"तुला सांगणार होते गं. परीक्षा झाल्या झाल्या सांगणार होते. तूच म्हणाली होतीस ना, शेवटच्या आठवड्यात डोक्यात नवं काही घालायचं नाही."

छोटीला ओरडायचं होतं. तोंडातून आलं ते भलतंच. "पाय केवढा आखूड दिसतोय? बाहेरच्या बाजूला वळलाय का?"

"मला काय कळतंय त्यातलं!" ताई रडत म्हणाली.

फोन भाऊजींनी घेतला. "हे बघ, आत्ता निघालीस तरी पोचेपर्यंत ऑपरेशन उरकलेलं असेल. तू येऊन दाराबाहेर उभी राहणार, आम्ही उभे आहोत तशीच. तू परीक्षा दे. ओरडायचं असेल तर मग ओरड आम्हाला."

तिनं परीक्षेच्या कार्यालयात फोन लावला. आधी बराच वेळ यंत्रातली बाई बोलली, मग एक माणूस आला. त्यानं सगळं ऐकून घेतलं, अगदी मनापासून हळहळला आणि म्हणाला की आदल्या दिवशी तारीख बदलता येत नाही. न आल्यास संधी वापरली असं धरतात. "माझ्या हातात असतं तर केलं असतं," तो म्हणाला, आणि त्याच्या हातात नव्हतं हे तिलाही दिसत होतं.

मग ती इन्चार्जबाईंकडे गेली. बाईंनी तिला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं.

"काय करू, बाई?"

"मी सांगणार नाही. जा म्हटलं नि तुझी परीक्षा गेली, तर मला खाशील. बस म्हटलं नि तिकडे काही झालं, तर मी मलाच खाईन."

छोटीनं काही ठरवलं असं झालंच नाही. तिनं बॅग भरली, त्यात प्रवासाचे कपडेही टाकले आणि ओळखपत्रही. सकाळ झाली, तिनं तोंड धुतलं, कुलूप लावलं, आणि पाय तिला परीक्षेच्या इमारतीकडे घेऊन गेले.

तिथं फोन काढून घेतला. घड्याळही. एका लहानशा कप्प्यात संगणकासमोर बसवलं. पहिले काही प्रश्न तिनं कसे सोडवले ते तिला नंतर आठवेना. मुलाचा ताप, थेंबांचा हिशेब, मधुमेह. हात आपोआप चालत होते. मग पडद्यावर आलं : खुब्याचं ऑपरेशन झालेल्या वृद्ध बाई गोंधळल्या आहेत, नळ्या ओढत आहेत, घरी जायचं म्हणून हाका मारत आहेत. नर्सनं सर्वांत आधी काय करावं?

चारही उत्तरं तिनं वाचली. पुन्हा वाचली. त्या चारांत कुठंच 'तिच्याजवळ जाऊन बसावं' असं नव्हतं. तिकडे आत्ता नेलं असेल का आत? भूल कुणी दिली? कानातलं काढून ठेवलं असेल का ताईनं? डोळे भरून आले आणि अक्षरं पाण्यात पडल्यासारखी हलायला लागली. बाहीनं डोळे पुसून तिनं पुस्तकात होतं ते उत्तर निवडलं आणि पुढचा प्रश्न मागितला. बऱ्याच वेळानं, एका प्रश्नाचं उत्तर दिल्यावर, पडदा एकाएकी बंद झाला. परीक्षा संपली होती. पास की नापास ते नक्की झालं की यंत्र आपणच प्रश्न थांबवतं; त्याचं तिच्याबद्दल काय ते ठरलं होतं.

फोन हातात आल्या आल्या तिनं ताईला लावला. ऑपरेशन झालं होतं. छोटी तशीच बसस्टँडवर गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पोचली तेव्हा वॉर्डात भेटायची वेळ नव्हती, तरी ती आत शिरली. आई खाटेवर इतकीशी दिसत होती. दोन्ही मनगटं मऊ पट्ट्यांनी खाटेच्या कठड्याला बांधलेली. डोळे उघडे, नजर भिरभिरती. छोटीनं वाकून पट्टीची गाठ सोडायला घेतली.

"अहो, हात लावू नका!" एक तरुण सिस्टर धावत आली. "रात्रीपासून नळी उपसतायत त्या. तुम्ही कोण?"

"मी..." छोटी म्हणाली. पट्टीखाली दोन बोटं जातील एवढी जागा ठेवायची असते, इथं एकही जात नव्हतं, हात सुजला होता, हे सगळं तिच्या जिभेवर आलेलं. "मी मुलगी त्यांची."

"मग बाहेर थांबा, प्लीज. चार वाजता सोडतो."

"पट्टी जरा घट्ट आहे हो."

"बघते मी," ती पोरगी म्हणाली. तिच्या वाट्याला सगळा वॉर्ड होता आणि चेहऱ्यावर दमणूक. तिनं खरंच लगेच पट्टी सैल केली. छोटीला तिचा रागही धरता येईना. ती बाहेर येऊन ताईशेजारी बाकावर बसली.

"ताई, जिना तिथं आहे हे मला माहीत होतं. कितीदा राहिलेय तुझ्याकडे. वॉर्डात पेशंट आला की पहिलं तेच बघते मी, कुठं पडेल."

"मी रोज खुर्ची आडवी लावत होते गं," ताई म्हणाली. "रोज. त्या दिवशी हे पहाटे पाणी भरायला उठले आणि खुर्ची सरकवली. त्यांचा काय दोष? ते तर आठवडाभर नीट जेवलेले नाहीत."

समोर भाऊजी पाठमोरे उभे राहून, सगळी उत्तरं तिथंच लिहिली असल्यासारखे, सूचनांचा फलक वाचत होते.

निकाल दोन दिवसांनी त्याच बाकावर, फोनवर आला. छोटी पास झाली होती. ताईनं तिला मिठी मारली, भाऊजी चहा घेऊन आले, इन्चार्जबाई फोनवर एवढ्या मोठ्यानं ओरडल्या की बाजूचा माणूस वळून पाहायला लागला. छोटी सगळ्यांना हो हो म्हणत राहिली. आत जाऊन तिनं आईच्या कानाशी सांगितलं, "आई, मी पास झाले."

आईनं तिच्याकडे पाहिलं. ओळखीचं काही त्या नजरेत आलं नाही. "घरी सोडा हो मला," ती नम्रपणे म्हणाली. "माझी मुलगी लहान आहे. एकटी आहे घरात."

नंतर डॉक्टरांनी सांगितलं की हाड जुळेल, पण आई चालेल असं धरू नका. आता तिला उचलायला, कूस बदलायला, भरवायला चोवीस तास माणूस लागणार. ताईच्या घरी जिना आणि ताईचेच गुडघे दुखरे. शेजारच्या काकूंनी फोनवरच कानावर हात ठेवले. आणि छोटीला परवान्याबरोबरच तिच्या हॉस्पिटलातून नेमणुकीचं पत्र आलं : दिवसपाळी आणि रात्रपाळी दोन्ही, महिन्याच्या आत रुजू व्हायचं.

"मी नाही होत रुजू," छोटी म्हणाली.

"मग कशाला दिलीस परीक्षा?" ताई म्हणाली, आणि म्हटल्यावर तिचं तिलाच वाईट वाटलं. "तसं नाही गं. पण तू पुन्हा घरी बसलीस की पुन्हा खंड पडणार. मग पुन्हा परीक्षा. आणि तोवर आई..."

रात्रपाळी टळेल का म्हणून छोटीनं विचारून पाहिलं. नव्यांना टळत नव्हती, आणि कागदोपत्री ती नवीच होती. शेवटी ताईच्या शहरात, ताईला रोज जाता येईल असं एक शुश्रूषागृह आईला कायमचं ठेवायला पाहिलं. स्वच्छ होतं. सगळं तळमजल्यावर. छोटीनं खाटांची चाकं, बेसिनची उंची, हाकेची घंटा सगळं तपासलं, काम करणाऱ्या बायकांना पाठीला जखम होऊ नये म्हणून दर दोन तासांनी कूस कशी बदलायची ते दाखवलं. त्यांना ते येतच होतं. त्यांनी निमूट ऐकून घेतलं.

निघायच्या दिवशी ती आईपाशी बसली आणि दुधात बिस्किट भिजवून चमच्यानं भरवलं. आईनं अर्धं खाल्लं, अर्धं ओठांवरून खाली आलं. छोटीनं पुसलं, उशी नीट केली आणि म्हणाली, "येते मी."

आईनं तिचं मनगट धरलं. काय बोलायचं ते तिला सापडत नव्हतं, पण पकड सुटत नव्हती. त्या सुरकुतलेल्या हातात एवढा जोर कुठून आला कोण जाणे. ताई दारात उभी होती. बाहेर भाऊजींनी गाडी चालू केली होती, छोटीची बस थोड्याच वेळात सुटणार होती आणि दुसऱ्या दिवसापासून तिची ड्यूटी होती.

"आई, सोड. मी येईन परत. सोड ना गं."

आई सोडेना.

अशी पकड सोडवायची एक पद्धत असते, शिकताना पहिल्याच वर्षी दाखवतात. बोटं ओढायची नाहीत, हाडं नाजूक असतात. अंगठ्याच्या बाजूनं सुरुवात करायची, आपला तळहात त्याखाली सरकवायचा आणि हळूच वळवायचा. पेशंटला दुखत नाही. छोटीनं तसंच केलं. आईचा हात अलगद सुटला. तिनं तो चादरीवर ठेवला, वरून पांघरूण घातलं.

"किती सराईत आहे हात तुमचा," खोली पुसणारी बाई कौतुकानं म्हणाली. "नर्स आहात का?"

"हो," छोटी म्हणाली, आणि मान किंचित वाकवून दारातून बाहेर पडली.